मातीचे डोहाळे

आमच्या गावातल्या कुठल्याही पुरुषाला विचारा की गावाच्या उगवतीला जो लांबलचक मातीचा बांध पडला आहे तो कुणी घातला. तो आधी डोक्याचा रुमाल सारखा करील, मग डोंगराकडं बघेल, आणि मग जे तोंडाला येईल ते ठोकून देईल. बायकांना हे कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर पुढचा सगळा घोळ टळला असता, आणि या वयात चष्मा पुसत पुसत मला हे लिहीत बसावं लागलं नसतं. लिहायला मला आमच्या यांनीच शिकवलं. तेव्हा त्यांच्याविषयी इथं जे काही येईल त्याचा दोष त्यांनी स्वतःकडेच घ्यावा.

गाव तेलगावापासून कोसभर, बालाघाटाच्या पायथ्याशी. राज्य निजामाचं. डोंगरावर वरच्या अंगाला धारूरचा मोठा किल्ला, तो सगळ्यांना ठाऊक आहे. पण आमच्या गावाच्या डोक्यावरही दोन टेकड्यांवर दोन पडके किल्ले होते. एकाला थोरला म्हणत आणि दुसऱ्याला धाकटा, याच्यापलीकडे त्यांचं नावगाव कुणाला माहीत नव्हतं. धाकट्या किल्ल्याच्या उतारापासून हा बांध सुरू व्हायचा. दोन पुरुष उंच, वर बैलगाडी चालेल इतका रुंद, आणि सुतात धरल्यासारखा सरळ. तसाच तो नदीच्या रोखानं यायचा आणि नदी वीस पावलांवर असताना एकाएकी संपायचा. बांधणाऱ्याला घरून जेवायला हाक आली असावी.

सासूबाईंच्या मते तो राक्षशिणीचा बांध. राक्षशीण आपल्या घराच्या माळवदावर टाकायला पांढरी माती घेऊन निघाली होती, पाटीला भोक पडलेलं होतं, आणि तिनं मागं वळून बघितलं नाही. घरी पोचली तेव्हा पाटी रिकामी. ही गोष्ट सांगून झाली की सासूबाई माझ्याकडं बघून म्हणायच्या, "म्हणून म्हंते, पाटी सारवून घेत जाय." राक्षशिणीपासूनही त्या सुनेला शिकवण काढत.

माळवद म्हणजे आमच्याकडचं सपाट मातीचं छप्पर. खाली तुळया, त्यांच्यावर लाकडाच्या चिपा, वर पालापाचोळा, त्यावर हातभर माती, आणि सगळ्यांत वर पांढरीचा थर. काळ्या मातीचं इथं काही काम नाही. ती उन्हाळ्यात तडकते, पावसात फुगते आणि पाणी सरळ तुमच्या ताटात सोडते. पांढरी मात्र चोपली की घट्ट बसते. ही पांढरी आमच्या शिवारात फक्त त्या बांधात होती. दर वैशाखात सगळं गाव टिकाव-पाट्या घेऊन बांधावर जायचं. प्रत्येक घराची तिथं आपापली खाण ठरलेली. नवी सून आली की सासू तिला आधी चूल दाखवी, मग पाणवठा, मग बांधातली आपली खाण. दुसऱ्याच्या खाणीत टिकाव घातला तर सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा.

आमचे हे गावच्या शाळेत मास्तर. घर शेतकऱ्याचं, पण बीडला राहून शिकून आले होते, आणि येताना शंका घेऊन आले. त्यांना रिकामा ढग बघूनही प्रश्न पडे. बांध बघून तर त्यांची झोपच उडाली. एवढी माती कुणी वाहिली? कधी? कशासाठी? गावातला प्रत्येक जण वर्षानुवर्षं त्या बांधावरून ढोरं हाकत होता, आणि यांनी एके दिवशी त्याला मोजायचं ठरवलं.

मोजायला दोरी पाहिजे म्हणून यांनी मोटेचा नाडा सोडून आणला. दोन दिवस मोट बंद, बैल रवंथ करत बसलेले, मिरच्यांनी माना टाकलेल्या. नाड्याचं एक टोक यांच्या हातात आणि दुसरं धरायला कुणी येईना, म्हणून ते माझ्या हातात. मी तेव्हा नवीनच नांदायला आलेली. डोक्यावरचा पदर दातात धरून बांधावर नाड्याला ताण देत उभी राहिले की पाणवठ्यावरच्या बाया म्हणायच्या, "बगा गं, मास्तरणीनं मास्तरला दावं लावलं." यांना ते ऐकू जात नसे. ते पावलं मोजत असत.

पौषात थोरल्या किल्ल्यावरच्या देवीची जत्रा असे. नवस फेडायचा म्हणून आम्ही दोघं वर गेलो. नवस माझा होता, किल्ला यांचा. मी देवीला ओटी भरून येईपर्यंत हे बुरुजावर चढून बसले होते, आणि खाली येतील तर शपथ. शेवटी मीच भाकरी घेऊन वर गेले. तिथून धाकटा किल्ला, बांध, नदी, गाव, सगळं हातावर मांडल्यासारखं दिसत होतं.

"ही तटबंदी आहे," हे म्हणाले. "दोन किल्ल्यांच्या मधून शत्रू येऊ नये म्हणून."

"अवो, पण त्याच्यावरून शेळ्या चढत्यात," मी म्हणाले. "शत्रूला शेळीइतकं बी चढता येत न्हाई का?"

त्यांनी आधी भाकरी संपवली. मग म्हणाले, तोफा वर न्यायचा हा उतार असावा. मी म्हणाले, उतार डोंगराकडं चढत जायला हवा, हा तर नदीकडं निघालाय, तोफांना काय आंघोळ घालायची होती? मग तो तळ्याचा बांध झाला. मी विचारलं, तळं कुठल्या बाजूला? दोन्ही बाजूंना सारखाच चढ होता. त्यावर ते चिडले. "तू खाली बस आणि लोणचं काढ," असं म्हणून त्यांनी वही उघडली.

मी लोणचं काढलं. काढता काढता माझ्या एक लक्षात आलं ते मी बोलले, "बांध आन् गाव एकाच रंगाचं दिसतंय वरून."

"माती एकच आहे, रंग एकच असणार," हे म्हणाले आणि त्यांनी ते वहीत लिहिलं नाही. यांच्या आयुष्यात ज्या चुका झाल्या त्यांत ही पहिली धरावी.

खाली आल्यावर यांनी हैदराबादला जुन्या इमारतींचा महकमा, म्हणजे सरकारी खातं, असतं म्हणे, त्याला एक लांबलचक पत्र लिहिलं. पुढं वर्ष गेलं तरी उत्तर नाही. हे दर आठ दिवसांनी तेलगावला टपालाची चौकशी करायला जात आणि गूळ घेऊन परत येत. आमच्याकडं त्या वर्षी गूळ फार साठला.

आता पुढचं सांगते ते हसत सांगता येत नाही.

दुसऱ्या वर्षी मला मुलगी झाली. पहिलं बाळंतपण तलवाड्याला, माझ्या माहेरी. मी तिकडं असताना वैशाख आला, आणि सासूबाई पाटी घेऊन निघाल्या तर यांनी त्यांना अडवलं. आमच्या खाणीत मातीचे थर फार स्वच्छ दिसतात, त्यांचा नकाशा काढायचा आहे, यंदा तिथं टिकाव लावू नका, पुढल्या साली दुप्पट माती टाकू. सासूबाईंनी तोंडाचा पट्टा सोडला, पण शेवटी पोटचा मुलगा. माळवद तसंच राहिलं. मी ज्येष्ठात लेक घेऊन आले. आषाढात झड लागली आणि बाजेच्या कोपऱ्यावर माळवद गळायला लागलं. आम्ही बाज तीनदा हलवली. पोरीची दुपटी वाळेनात. तिची छाती भरली आणि चौथ्या दिवशी ती गेली. मी यांच्याशी त्याबद्दल एक शब्द बोलले नाही, कारण बोलले असते तर मी फार वाईट बोलले असते. यांनी नकाशा गुंडाळून आढ्याला खोचला आणि तेही बोलले नाहीत. त्या कोपऱ्यात पुन्हा कुणी बाज टाकली नाही. पुढं दर वैशाखात गाव उठायच्या आधी हे एकटेच पाटी घेऊन बांधावर जायचे. मला त्यांची कीव यायची आणि रागही यायचा, आणि दोन्ही एकाच वेळी कसं येतं ते मला अजून कळलेलं नाही.

दोन वर्षं अशी गेली. तिसऱ्या वर्षी मला पुन्हा दिवस गेले. श्रावणात बाळंत होणार, आणि दुसरं बाळंतपण सासरी, म्हणजे त्याच खोलीत. मी मनाशी एकच गोष्ट धरली होती. या वैशाखात माळवदावर वीतभर पांढरी पडली पाहिजे. बाकी जगाचं काय व्हायचं ते होवो.

आणि चैत्र संपता संपता, पहिली पाटी भरायच्या आत, हैदराबादहून पत्राचं उत्तर आलं. उत्तर दोन बैलगाड्या भरून आलं. त्यात एक तंबू होता, घडीचं टेबल होतं, एक शिपाई होता आणि स्वतः साहेब होते.

साहेब माणूस अतिशय सभ्य. पांढरी शेरवानी, हळू बोलणं, गावच्या कुत्र्यालाही 'जरा बाजूला व्हा' म्हणतील असा स्वभाव. त्यांनी यांचा हात हातात घेऊन भर चावडीसमोर सांगितलं की अशी पत्रं लिहिणारे मास्तर रियासतीत दुर्मिळ आहेत. हे इतके फुलले की मला काळजी वाटली. मग साहेबांनी टेबलाशी बसून गावकऱ्यांना एकेक करून विचारायला सुरुवात केली. पोलीस पाटलांनी सांगितलं की बांध त्यांच्या खापरपणजोबांनी घातला. दुसऱ्या एकानं सांगितलं की बांधाखालून धारूरच्या किल्ल्यापर्यंत भुयार आहे आणि त्याचा चुलता त्यात शिरला होता.

"बाहेर कुठे निघाला?" साहेबांनी उर्दूत विचारलं, आणि यांनी मराठी करून सांगितलं.

"निगतोय कशाला," तो म्हणाला. "साप दिसला म्हून तसाच माघारी आलता."

साहेबांनी सगळं लिहून घेतलं. सासूबाईंनी राक्षशिणीची हकिकत सांगितली तीही लिहिली, आणि फार अदबीनं विचारलं की त्या बाईंचं नाव काय होतं. सासूबाई म्हणाल्या, "नाव कोन इचारतंय बाबा, समदे पळत सुटले असतील." हे भाषांतर करताना यांना घाम फुटला.

तीन दिवसांनी हुकूम झाला. बांध फार प्राचीन आहे. नेमका काय आहे ते साहेब पावसाळ्याआधी परत येऊन, साखळीनं मोजून, खोदून ठरवतील. तोवर त्यातलं एक ढेकूळही हलता कामा नये. राखणीला शिपाई राहील, आणि देखरेख खुद्द मास्तरांची.

साहेब निघून गेले. गाव आमच्याकडं बघायला लागलं.

पाणवठ्यावर मला घागर भरू देईनात. "मास्तरीणबाई, आता माळवदावर काय टाकावं? तुमच्या मास्तरच्या वह्या?" पोलीस पाटलांची बायको एरवी मला वाटीभर विरजण देणारी, तिनं तोंड फिरवलं. सासूबाईंनी तर मुलाशी बोलणंच सोडलं. त्याला वाढायचं असेल तर त्या भिंतीला सांगत, "जेवून घ्या म्हनावं."

मी यांना विचारलं, "कोपऱ्यावर माती कवा टाकायची?"

"मी अर्ज करतो," हे म्हणाले. तोंड उतरलेलं होतं.

"तुमच्या कागदाचं उत्तर यायला चार वर्सं लागली. माज्या पोटातल्याला इतका दम न्हाई."

त्यांनी अर्ज केलाच. दुसरं काही त्यांना येतच नव्हतं. लिहिलेलं खोटं असू नये आणि दिलेला हुकूम मोडू नये, या दोन गोष्टी त्यांच्या अंगात देवीच्या अंगाऱ्यासारख्या भिनल्या होत्या. पोलीस पाटलांनी दाखल्यात मुलाचं वय एका वर्षानं कमी लिहायला सांगितलं तर हे आठ दिवस आजारी पडले होते. तेव्हा माझी वाट मलाच काढायची होती.

शिपाई बांधावर कडुनिंबाखाली बाज टाकून बसलेला असे. बीडकडचा, पन्नाशीचा, मेंदी लावलेली दाढी, आणि हातात बंदूक नव्हे, पंखा. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाटी कमरेला लावून थेट त्याच्यापुढं जाऊन उभी राहिले.

"माती पायजे," मी म्हणाले.

"नक्को मां, हुकूम हय," तो म्हणाला.

"डोहाळे लागल्यात. या मातीचेच लागल्यात. दुसऱ्या मातीला तोंड लागत न्हाई."

यात खोटं फारसं नव्हतं. आमच्याकडं निम्म्या बायका पोटुशी असताना भिंतीची पोपडी चाटतात. आणि पोटुशीचे डोहाळे नाकारले तर मुलाचा कान फुटतो, आणि पाप नाकारणाऱ्याला लागतं, हे काय फक्त हिंदूंनाच ठाऊक आहे? शिपायानं पंखा खाली ठेवला. माझ्या पोटाकडं बघितलं, लगेच नजर वळवली, आणि उठून म्हणाला, "घर में भी यइच हाल हय. सातवां महिना." मग पाटीकडं बघून तो जरा घोटाळला. "इत्ता खाते?"

"जेवढी लागंल तेवढी," मी म्हणाले.

मी टिकाव मारायला गेले तर त्यानं तो माझ्या हातातून घेतला. "ऊपर की नक्को मां, बकरियां फिरते. अंदर की साफ खाओ." असं म्हणून त्या भल्या माणसानं आमच्याच खाणीतली, आतली, चाळून घ्यावी अशी माती पाटीभर काढून दिली. वर म्हणाला, "पानी पीना बहोत."

त्या दिवशी मी चार वेळा गेले. दुसऱ्या दिवशी त्यानं काळजीनं विचारलं, "पच गई?" मी म्हणाले, पचली, पण आता जास्त लागतेय.

बातमी लपते कुठं? तिसऱ्या दिवशी गावात सात जणींना डोहाळे लागले. पाचव्या दिवशी पंचवीस. पोलीस पाटलांच्या बायकोचा थोरला मुलगा मिशी राखून होता, तीही पोटाला लुगड्याचा बोळा बांधून हजर. सासूबाई साठीच्या, विधवा, त्या म्हणाल्या, "माज्यासाठी न्हाई, सुनेला रात-दिस सोसंना, तिला चालवंना." मी त्या वेळी त्यांच्या पुढं चौथी पाटी घेऊन चालत होते.

शिपाई वेडा नव्हता. बांध उंच, तिथून गावातलं प्रत्येक माळवद दिसे, आणि प्रत्येक माळवदावर धपाधप चोपणी चालू. त्यानं एकदा तिकडं बघितलं, एकदा आमच्या रांगेकडं बघितलं. मग उठला, आपली बाज उचलली आणि तिचं तोंड किल्ल्यांकडं फिरवून तिच्यावर पाठमोरा बसला. पुढं पाट्या भरायला मात्र त्यानं मदत केली नाही, म्हणाला कंबर धरली.

खणता खणता एका दुपारी आमच्या खाणीत माझा टिकाव मऊ जागी बसला. हातानं माती सारली तर आत चूल निघाली. तीन बाजूंनी थापलेली, माझ्या चुलीसारखीच, आत राख, आणि वर धूर लागून काळी झालेली. तिच्याशेजारी काकणांचे तुकडे. माझ्या मागच्या बाईच्या खाणीत जात्याची तळी निघाली होती, तिच्या पलीकडच्या खाणीत उखळ. या गोष्टी बायकांना वर्षानुवर्षं सापडत होत्या. सापडलं की बाजूला टाकायचं आणि पाटी भरायची. मी तिथंच बसले, आणि किल्ल्यावरून दिसलेला तो एकच रंग मला आठवला.

घरी येऊन मी यांना सांगितलं, "तुमचा बांध म्हंजे भिंत बी न्हाई आन् तळं बी न्हाई. ती घरं हायत. एका वळीनं आळी होती तिथं. माळवदं बसली, त्येच्यावर दुसऱ्यांनी घरं बांदली, ती बी बसली."

यांनी हातातली वही खाली ठेवली. "कुणाची घरं?"

"माळवदावर माती टाकायचा ज्यांनी कंटाळा केला त्यांची."

मी बोलून गेले आणि मला वाटलं, जीभ चावावी. यांचा चेहरा पडला. ते उठून अंगणात गेले. तिथं मी आणून टाकलेल्या मातीचा ढीग होता. त्याच्याशी उकिडवे बसून ते खापरं वेचायला लागले. एकेक तुकडा पुसायचा, बाजूला मांडायचा. ऊन डोक्यावर आलेलं, माती वर चढवायची राहिलेली, आणि हे गहू निवडल्यासारखे माती निवडताहेत. माझं डोकं फिरलं. मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी निवडून झालेली माती पाटीत भरली, पाटी डोक्यावर घेतली आणि शिडी चढायला लागले. हुकूम ज्यांच्या नावानं निघाला होता ते मास्तर भर दुपारी, सगळ्या गावादेखत. त्या कोपऱ्यावर त्यांनी दिवस मावळेपर्यंत एकट्यानं चोपणं चालवलं. खाली आले तेव्हा तळहाताची सालटी निघाली होती. सासूबाई भिंतीला म्हणाल्या, "त्याला लोनी लावा म्हनावं."

ज्येष्ठाच्या सुरुवातीला साहेब परत आले. साखळी आणली होती. साखळी धरून बांध मोजला, पहिल्या वहीशी ताडून बघितला, पुन्हा मोजला. जिथं मारुतीच्या देवळाएवढा फुगवटा होता तिथं आता चांगली खोल कपार होती. शिपाई पंखा काखेत मारून उन्हात उभा होता. पन्नाशीला आलेला माणूस, घरी आता आठवा महिना, आणि नोकरी जायची वेळ.

साहेबांनी चढ्या आवाजात काहीच विचारलं नाही. चावडीसमोर टेबल मांडलं, यांना बोलावलं, कागद पुढं केला, आणि म्हणाले, मास्तरसाहेब, तुमच्यासारखा खरं लिहिणारा माणूस मी या तालुक्यात बघितला नाही. माती कुठे गेली तेवढं लिहून द्या.

सगळं गाव गोळा झालं होतं. आम्ही बायका देवळाच्या भिंतीशी. मला वाटलं, संपलं. हा माणूस आता खरं लिहिणार. शिपाई जाईल, पाटील अडकेल, माळवदं उकरून माती परत न्यायला लावतील, त्या कोपऱ्यावरची सगळ्यांत आधी. मी पोटावर हात ठेवून उभी होते.

यांनी दौत पुढं ओढली. टाक बुडवला. माझ्याकडं एकदा बघितलं. मग त्यांच्या त्या सुरेख, गोल अक्षरात लिहिलं आणि आधी उर्दूत, मग मराठीत वाचून दाखवलं की, या प्रांतातल्या स्त्रिया गरोदरपणी माती खातात, या बांधाची माती त्यांना विशेष रुचते, आणि गेलेली माती ही सर्व खाण्यात गेली आहे.

साहेबांनी कागद हातात घेऊन पुन्हा वाचला.

साहेब हळूच म्हणाले, "एवढी?"

"हुजूर," हे म्हणाले, "यंदा गावात गरोदर बायका फार आहेत."

साहेबांनी मान वळवून आमच्याकडं बघितलं. पोलीस पाटलांच्या बायकोनं लगेच पोट पुढं काढलं. तिच्यामागं सगळ्या रांगेनं काढलं. सासूबाईंनी, साठीच्या बाईनं, कमरेवर हात ठेवून कण्हून दाखवलं. साहेबांची नजर आमच्यावरून सरकत मागच्या माळवदांवर गेली, ताज्या पांढरीनं ती उन्हात लखलखत होती, आणि तिथं ती जरा थांबली. मग ते मिशीला बोट लावून बराच वेळ खाली बघत राहिले. शेवटी म्हणाले, "लिहिलंय त्याच्याखाली सही करा."

यांनी सही केली. साहेबांनी कागद वाळू टाकून सुकवला, घडी करून ठेवला, आणि शिपायाला सांगितलं की सामान गाडीत भर, घरी जाऊन ये, तुझी गरज तिकडं जास्त आहे.

घरी आल्यावर हे काही न बोलता आतल्या खोलीत गेले. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागोमाग गेले. ते त्या कोपऱ्यात उभे राहून वर बघत होते. मी तांब्या पुढं केला तो त्यांनी घेतला नाही.

"त्या साली सुद्धा दोन पाट्यांचंच काम होतं," ते म्हणाले. "मी नकाशा काढत बसलो."

तीन वर्षांत पहिल्यांदा. मी तांब्या खाली ठेवला.

"आता बोलायला लागली असती ना ती?"

"लागली असती," मी म्हणाले. "लई बोलली असती."

हे भिंतीला टेकून खाली बसले आणि लहान पोरासारखे रडायला लागले. मी त्यांना रडू दिलं. मीही रडले. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, त्यांनी आमच्याकडं बघितलं, आणि या वेळी भिंतीला नव्हे, मुलालाच म्हणाल्या, "ऊठ बाबा. ती बाज जड हाय, तिला एकटीला उचलायची न्हाई."

ते उठले. मग आम्ही दोघांनी मिळून बाज उचलली आणि त्या कोपऱ्यात नेऊन टाकली.